जर्मन स्वर चुकतात कुठे? आधी समासातली देवनागरी पुसा

जर्मन शिकायला लागलो की आपण पुस्तकातल्या शब्दाशेजारी पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवतो. निदान स्वरांपुरती तरी ही सवय सोडा, कारण त्यातले बरेचसे स्वर देवनागरीत मावतच नाहीत. (इथे माझा नाइलाज आहे, खालचे उच्चार केवळ खुणा समजा.)

सर्वांत मोठा घोळ आखूड 'आ'चा. 'पुरुष' या अर्थाचा शब्द कुणी 'मन' वाचतं, कुणी 'मान'. दोन्ही चूक. तोंड 'आ'साठी उघडायचं आणि लगेच 'न'वर यायचं. 'श्टाट' आखूड म्हटलं तर शहर, लांबवलं तर राज्यसंस्था.

आपला कान इथे का फसतो? मराठीत ऱ्हस्व-दीर्घ बरंचसं जागेवरून ठरतं: कीड, पण किडा. 'दिन' आणि 'दीन' आपण लिहितो वेगळे, बोलतो जवळजवळ सारखेच. जर्मनमध्ये मात्र लांबीवर अर्थ अवलंबून. 'मिटऽ' म्हणजे मध्य, 'मीटऽ' म्हणजे घरभाडं. खूण सोपी आहे: स्वरापुढे एकच व्यंजन दोनदा आलं तर स्वर आखूड, स्वरच दोनदा आला किंवा त्याच्यापुढे एच आला तर लांब. तो एच उच्चारायचा नाही. 'जाणे'साठी 'गेहेन' नव्हे, 'गेऽअन'.

'ए' आणि 'ओ' लांब असतील तेव्हा आपले घरचेच वापरा. इंग्रजीच्या सवयीने चहाचा 'टे' 'टेइ' करू नका.

ई आणि आय ही रोमन अक्षरं जोडीने आली की दुसऱ्या अक्षराचं इंग्रजी नाव वाचा. शेवटी आय असेल तर 'वाइन', शेवटी ई असेल तर 'वीन', म्हणजे व्हिएन्ना.

शब्दाच्या शेवटी एकटा ई असेल तर 'डांके' नको, 'डांकऽ' हवं. इथे आपला 'अ' छान कामाला येतो.

आता टिंबवाले स्वर. यू-वरच्या दोन टिंबांना लोक 'यू' म्हणतात, पण 'यू'मध्ये आवाज वाटेत बदलतो. हा स्वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहतो. आरशासमोर 'ई' लांबवा, जीभ तिथेच ठेवा आणि फक्त ओठ 'ऊ'सारखे गोल करा. 'ऊ' ऐकू आला तर जीभ मागे घसरली. ओ-वर टिंबं असतील तर तीच युक्ती, फक्त जीभ 'ए'ची, ओठ 'ओ'चे. टिंबांशिवाय 'शोन' म्हणजे 'आधीच', टिंबांसह 'सुंदर'.

सरावाला पुण्या-मुंबईतल्या मॅक्समुल्लर भवनाचं, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेचंच नाव घ्या. मुल्लरमध्ये टिंबवाला यू आहे, आखूड. याच संस्थेचं दुसरं नाव गटे इन्स्टिट्यूट; त्यातल्या जर्मन कवी गटे यांच्या नावातला स्वर लांब, टिंबवाल्या ओ-चा. तो ओ-ई असा लिहितात, म्हणून चुकून 'गोएथे' असं वाचलं जातं.

मग फोनवर 'मुटर' दोनदा रेकॉर्ड करा, एकदा साधं, एकदा टिंबांसह (शेवटचा 'र' जवळजवळ विरतो, 'मुटा'सारखा). दुसऱ्या दिवशी ऐका. एक आई कुठली आणि अनेक आया कुठल्या, हे तुमचं तुम्हालाच ओळखता आलं नाही, तर पुन्हा आरशासमोर 'ई'पासून सुरू करा.