हेडलाइट लावला की तापमानाचा काटा वर: माझा अनुभव

गाडीत बाजारातून आणून वेगळा बसवलेला कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तापमानाचा गेज, म्हणजे काट्याचं मीटर, दिवसा अगदी नीट चालायचा. हेडलाइट लावला की काटा झटक्यात ९० वरून १०० च्या पुढे. कूलंट इतक्या पटकन तापूच शकत नाही, म्हणजे दोष वायरिंगमध्ये. म्हणून सेन्सर बदलायची घाई केली नाही.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवला. एक प्रोब इंजिन ब्लॉकला, दुसरा गेजच्या अर्थच्या (अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह जोड) टोकाला. लाइट बंद असताना जवळजवळ शून्य, लावताच ०.४ व्होल्ट! गेजची अर्थ वायर डॅशबोर्डमागच्या रंगवलेल्या ब्रॅकेटला, दिव्यांच्या अर्थबरोबरच जोडलेली होती. रंगामुळे जोड कच्चा, म्हणून दिव्यांचा करंट तिथून गेला की व्होल्टेज चढायचं. एका वायरच्या सेन्सरला अर्थ मिळतो तो इंजिन ब्लॉकमधून. गेजच्या अर्थचं व्होल्टेज त्याहून जरा जरी वर गेलं, की गेजला सेन्सरचा रोध कमी भासतो. आणि या सेन्सरमध्ये कमी रोध म्हणजे जास्त तापमान.

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं आणि गेजसाठी स्वतंत्र काळी वायर थेट ब्लॉकच्या बोल्टपर्यंत नेली. बोल्टखालचा गंज पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, वायरच्या टोकाला रिंग टर्मिनल (धातूची कडी) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, घट्ट आवळलं. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडं) हवंच, नाहीतर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते आणि शॉर्ट होतो. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरही नकोत, तिथूनच तर अर्थ मिळतो. सप्लाय इग्निशनच्या फ्यूजवरून, मध्ये ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज टाकून.

आता लाइट, वायपर, पंखा सगळं एकदम चालू केलं तरी काटा जागचा हलत नाही.