काही न टोचता किडनीच्या गाठीतला रक्तप्रवाह मोजायचा तर

आमच्या बेळगावात खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्या किडनीच्या पेशंटांत क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे किडनी कमी काम करणारे, बरेच. त्यांना गॅडोलिनियम (एमआरआयच्या चित्रात रक्तप्रवाह उठून दिसावा म्हणून शिरेतून टोचायचं औषध) द्यायला डॉक्टर कचरतात. तिथं एएसएल (आर्टिरियल स्पिन लेबलिंग) ही एमआरआयची पद्धत कामाला येते. महाधमनीतल्या रक्तालाच रेडिओ लहरींनी चुंबकीय खूण करायची, ते किडनीत पोचलं की चित्र घ्यायचं. मग बिनखुणेचं दुसरं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे प्रवाह.

हा फरक जेमतेम काही टक्क्यांचा, म्हणून पेशंट हलला की सगळं मुसळ केरात. टेबल आत सरकवायच्या आधीच तालीम करून घ्या. मी सांगते, "मामा, घूंऽऽ असा आवाज येतोय तोवर निवांत श्वास घ्या. आवाज थांबला की श्वास सोडून गप पडा. टकटक झाली की परत घ्या." हुक्केरीची अज्जी असली तर हेच कन्नडात. हेडफोनवरून अधूनमधून बोलत राहा, एसीत माणसं घोरायला लागतात.

स्लाइस (चित्राचा काप) तिरकी कोरोनल, म्हणजे समोरून पाहिल्यासारखी, ठेवा. गाठ आणि दोन्ही किडन्या येऊ देत, महाधमनी मात्र नको. लेबलिंगचा (रक्ताला खूण करायचा) पट्टा किडनीच्या मध्यापासून 8 ते 10 सेंमी वर, महाधमनीला काटकोनात. गाठ वरच्या टोकाला आणि मोठी असेल तर पट्टा तिच्यावरूनच जात नाही ना, हे डोळे फाडून बघा. गेला तर तो आकडा धरू नका.

लेबलिंग 1.5 सेकंद, रक्त किडनीत पोचेपर्यंतचा पुढचा थांबा 1.5 सेकंद, दर 6 सेकंदांनी एक चित्र. 20 जोड्यांना 4 मिनिटं. एम-झीरो (पूर्ण सिग्नलचं, तुलनेसाठीचं चित्र) वेगळं घ्याच, नाहीतर नुसता रंगीत नकाशा हाती येतो, आकडा निघत नाही. वयस्क माणसाचं रक्त उशिरा पोचतं. शंका आली तर थांबा 2 सेकंद करून परत घ्या.

आरओआय (मोजायच्या भागाची चित्रावरची रेघ) काढताना गाठीतला मेलेला भाग वगळा. निरोगी कॉर्टेक्सचा (किडनीच्या बाहेरच्या थराचा) प्रवाह साधारण 200 ते 300 मिलि/100 ग्रॅम/मिनिट. किडनीच्या कॅन्सरच्या प्रकारांपैकी क्लिअर सेल गाठीत प्रवाह बहुधा जास्त, पॅपिलरीत कमी. पण ऑन्कोसायटोमा ही साधी गाठसुद्धा भरपूर रक्त ओढते, तेव्हा नुसत्या आकड्यावर कॅन्सरचा शिक्का मारू नका. मला विचाराल तर याचा खरा उपयोग गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं सुनिटिनिबसारखं औषध चालू असताना: गाठ आकसायच्या आधीच प्रवाह उतरलेला दिसू शकतो. फक्त दोन्ही वेळा मशीन तेच, थांबा तोच. रिपोर्टात तो लिहून ठेवा, पुढच्या खेपेला पाळीवर दुसरंच कुणी असतं.