कुटुंबासाठी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना: नवी असो वा जुनी, आधी सांगाडा बघा

गाडी घ्यायची म्हटलं की सल्ला द्यायला सगळे पुढे सरसावतात. अमुक इंजिन मजबूत, तमुक रंगाला विकताना भाव येतो, सनरूफ तर हवंच. स्वतःसाठी, भावंडांसाठी आणि मित्रांसाठी मिळून वीसेक गाड्या मी खाली वाकून, बॉनेट उघडून, स्टेपनी बाहेर काढून बघितल्या आहेत. त्यातल्या मोजक्याच घेतल्या. चुकीच्या गाडीपासून असला एकही सल्ला वाचवत नाही, म्हणून जे खरंच बघायला हवं ते इथे लिहितो आहे.

कोण बसणार, ते आधी

कॉम्पॅक्ट एसयूव्हीची लांबी साधारण ४ ते ४.५ मीटर असते, पण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत आतल्या जागेचा फरक फार मोठा असू शकतो. माहितीपत्रकातले लिटर आणि मिलिमीटर बाजूला ठेवा. घरातली सगळी माणसं, मुलाची सीट आणि बाबागाडी घेऊनच गाडी बघायला जा. लहान बाळाची सीट मागे तोंड करून बसवावी लागते. युरोपातल्या आय-साइझ नियमानुसार निदान १५ महिन्यांपर्यंत. ती बसवल्यावर पुढच्या सीटवरच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील, तर गाडी तुमच्या कामाची नाही. मुलाची सीट गाडीला अडकवायचे आयसोफिक्सचे हुक बहुतेक गाड्यांत मागच्या दोन कडेच्या जागांनाच असतात, त्यामुळे तीन मुलं असतील तर तिन्ही सीट प्रत्यक्ष लावून बघा. म्हाताऱ्या माणसांना दोनदा चढायला-उतरायला सांगा. सीटची उंची त्यांच्या कमरेएवढी असेल तर त्यांना वाकावंही लागत नाही आणि चढावंही लागत नाही. डिकीचा काठ किती उंच आहे तेही बघा, कारण सामान रोज त्या काठावरून उचलायचं असतं.

रोजचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा असेल तर आजकालची डिझेल घेऊ नका. धुराच्या नळीतला डीपीएफ फिल्टर काजळी साठवतो आणि ती जाळायला त्याला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. छोट्या फेऱ्यांत गाडी तेवढी तापत नाही, फिल्टर तुंबतो आणि खर्च वाढत जातो. सतत थांबत-सरकत चालवावं लागत असेल तर कोरड्या क्लचचा (म्हणजे तेलात न बुडालेल्या) ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही टाळा, तो तापतो. अशा रहदारीत मी टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारा साधा ऑटोमॅटिकच निवडतो. फोर व्हील ड्राइव्हची गरज बहुतेक कुटुंबांना नसते. तेच पैसे चांगल्या टायरांना घाला.

सुरक्षेचे तारे मोजताना चाचणीचं वर्ष बघायला विसरू नका. गाड्यांना हे तारे देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेने २०२० मध्ये समोरासमोरच्या टकरीची चाचणीच बदलली: स्थिर अडथळ्यावर ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवण्याऐवजी गाडी आणि समोरून येणारा अडथळा, दोन्ही ताशी ५० च्या वेगाने एकमेकांवर आदळवतात. त्यामुळे २०१२ चे पाच तारे आणि २०२२ चे पाच तारे एकाच मापाचे नाहीत. उंच गाडीचा गुरुत्वमध्यही उंच असतो, म्हणून ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) नसलेली एसयूव्ही कितीही स्वस्तात मिळाली तरी मी घेणार नाही.

नवी की जुनी?

माझं मत स्पष्ट आहे. गाडी दहा वर्षं ठेवणार असाल तर नवी घ्या. चार-पाच वर्षांत बदलणार असाल तर तीन-चार वर्षं वापरलेली घ्या, कारण किंमत सगळ्यात जोरात पहिल्या काही वर्षांतच उतरते आणि तो फटका आधीच्या मालकाने सोसलेला असतो.

नवी घेणं सोपं आहे. जे मॉडेल घेणार तेच, त्याच इंजिनाचं आणि त्याच गिअरबॉक्सचं चालवून बघा. ताबा दिवसाउजेडी घ्या, गाडीची निर्मिती तारीख तपासा आणि संपूर्ण गाडी बघून झाल्याशिवाय सही करू नका.

जुन्या गाडीचं तसं नाही. खरं काम इथेच आहे, आणि मी स्वतः इथेच फसलो होतो.

सांगाडा: इथे घाई करू नका

एसयूव्ही म्हणजे शिडीसारख्या चॅसिसवर बसवलेली दणकट गाडी, असा समज अजून गेलेला नाही. कॉम्पॅक्ट एसयूव्ही बहुतेक तशा नसतात. १९९४ मध्ये टोयोटाची आरएव्ही४ आली, तेव्हापासून या वर्गाची रीतच अशी आहे की बांधणी साध्या मोटारीसारखी मोनोकॉक, फक्त उंची जास्त. मोनोकॉकमध्ये चॅसिस वेगळी नसते, पत्र्याची पेटी हाच सांगाडा. टक्कर झाली की पुढचे लांब रेल, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे पोकळ दांडे, चुरगळून धक्का खातात आणि माणसं बसलेली पेटी शाबूत राहते. दारांमधल्या खांबांत बऱ्याचदा गरम साच्यात दाबलेलं बोरॉन पोलाद असतं, साधारण १५०० मेगापास्कल ताकदीचं. ते तापवून सरळ केलं की ती ताकद जाते. वाकलेला रेल ओढून-ठोकून सरळ केला तर तो दिसायला पहिल्यासारखा होतो, पण पुढच्या टकरीत तो कसा वागेल ते कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

माझी दुसरी जुनी गाडी अशीच होती. एकाच मालकाची, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी असलेली, चकचकीत. मी अर्धा तास इंजिनाकडे कान लावून बसलो आणि पत्र्याकडे दोन मिनिटंही बघितलं नाही. विकणारा म्हणाला, "पुढचा बंपर थोडा घासला होता, तेवढाच." पाच महिन्यांत पुढचा डावा टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजला. अलाइनमेंट करणाऱ्याने दोनदा प्रयत्न केला, पण चाकाचा कल काही बसेना. शेवटी त्याने गाडी रॅम्पवर घेतली आणि टॉर्च मारून डावा रेल दाखवला. त्यावर सुरकुत्या होत्या आणि वर रंगाचा जाड थर. त्या गाडीत पाच महिने माझी मुलं मागे बसत होती. तेव्हापासून इंजिन मी सगळ्यात शेवटी बघतो. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो. सांगाड्याला असा दुसरा उपाय नाही.

तर बघायचं कसं? गाडी कोरडी हवी आणि उजेड दिवसाचा हवा. पावसात भिजलेल्या किंवा ट्यूबलाइटखाली उभ्या गाडीचा पत्रा कोणालाही वाचता येत नाही, त्यामुळे विकणारा संध्याकाळी या म्हणाला तर सरळ दुसऱ्या दिवसाची सकाळ मागा. मागच्या चाकाजवळ खाली बसून बाजूच्या पत्र्यावरून पुढे नजर टाका. पत्र्यात पडलेलं प्रतिबिंब कुठे लाटेसारखं हललं तर तिथे लांबी (पुट्टी) भरलेली असू शकते. मग दारं, बॉनेट आणि डिकीच्या कडेच्या फटी बघा. फट किती मिलिमीटर आहे याला महत्त्व नाही. डावीकडची आणि उजवीकडची सारखी आहे का, एवढंच बघायचं.

बॉनेट उघडा. मडगार्डचे आणि बिजागरांचे बोल्ट कारखान्यात बसवल्यानंतर सहसा कोणी हात न लावलेले असतात. कडांवरचा रंग उडालेला दिसला तर तिथे पाना लागला आहे. बॉनेटच्या आणि दारांच्या आतल्या कडेला सीलंटची पट्टी असते. कारखान्यातली पट्टी एकसारखी आणि कडक असते, हाताने भरलेली वेडीवाकडी आणि पुष्कळदा नखाने दबणारी. रेडिएटरसमोरची पत्र्याची आडवी पट्टी नवी दिसली तर लगेच घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत ती बोल्टने बसवलेली असते आणि हलक्या धक्क्यातही बदलावी लागते. तिच्या मागे दोन्ही बाजूंचे रेल टॉर्चने नीट बघा. सुरकुती, नवा रंग, घासल्याच्या खुणा, दोन रेलमध्ये दिसणारा फरक, यातलं काहीही आढळलं तर पुढे बघायची गरज नाही.

दाराच्या चौकटीवरचं रबर हळूच ओढा, ते सहज निघतं आणि परत बसतं. त्याखाली कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे नियमित अंतरावर दिसायला हवेत. खळगे नसतील किंवा पॉलिश मारून सपाट केले असतील, तर ती बाजू कापून जोडलेली असू शकते. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालचा पत्रा हाताने चाचपा. मागून बसलेला जोराचा धक्का तिथेच लपून राहतो.

सीट बेल्ट शेवटापर्यंत ओढा. तळाशी निर्मितीची तारीख असलेली चिठ्ठी शिवलेली असते. गाडी आधीच्या वर्षी बनलेली आणि पुढचे बेल्ट त्यानंतरच्या वर्षाचे, याचा अर्थ बेल्ट बदललेले आहेत. का बदलले हे विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे, कारण जोराच्या टकरीत बेल्ट झटक्यात आवळणारं ताणयंत्र (प्रीटेन्शनर) सुटतं आणि मग पूर्ण बेल्टच बदलावा लागतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो मुळी पेटलाच नाही तर पेटून राहण्यापेक्षाही वाईट, कारण तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. काचांच्या कोपऱ्यातलं वर्षही बघा. एखादी काच खडा लागून बदललेली असू शकते, पण एकाच बाजूच्या दोन काचा वेगळ्या असतील तर त्या बाजूचा पत्रा पुन्हा तपासा.

रंगाची जाडी मोजणारं छोटं मीटर मिळालं तर जरूर घ्या. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन जाड असतो, पुन्हा रंगवलेला दुपटीच्या आसपास जातो आणि लांबी भरलेली असेल तर आकडा त्याच्याही बराच पुढे पळतो. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर हे मीटर चालत नाही. एक गोष्ट इथेच सांगतो: रंगवलेला पत्रा हा काही गुन्हा नाही. पार्किंगमध्ये ओरखडा पडतो, माणसं तो रंगवून घेतात. मी अशा दोन गाड्या आनंदाने घेतल्या आहेत. रंग, दार, मडगार्ड चालेल. रेल, खांब किंवा तळ नाही, मग किंमत कितीही उतरो.

एवढं सगळं ठीक वाटलं तरी गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघाच. मेकॅनिक तुम्ही आणलेला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. रॅम्पवर न्यायला जो आढेवेढे घेतो, त्याच्या गाडीवर मी आणखी वेळ घालवत नाही.

पुरात बुडालेली गाडी

सीटच्या रुळांवर गंज, पूर्ण ओढलेल्या बेल्टवर मातीची आडवी रेघ, हेडलाइटच्या आत ओल, आणि सगळ्यावर मात करणारा सुगंधी स्प्रे. पायाखालचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा. यातलं एक चिन्ह योगायोग असू शकतं, दोन दिसली तर निघा.

इंजिन आणि फेरी

इंजिन थंड असतानाच गाडी बघायची, हे आधी फोनवर सांगून ठेवा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर कारण विचारा, कारण गार इंजिन सुरू होताना जो निळा धूर किंवा इंजिनातल्या साखळीचा खडखडाट येतो, तो तापलेल्या इंजिनात लपतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारं उपकरण) लावून चुकांचे कोड बघाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या आहेत का हे सांगणाऱ्या नोंदी. त्या अपुऱ्या दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात किंवा बॅटरी काढून लावलेली असू शकते.

फेरी निदान अर्धा तास घ्या, रेडिओ आणि एसी बंद ठेवून. सरळ सपाट रस्त्यावर स्टीअरिंग हलकं सोडा, ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते का बघा, स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा आणि टकटक ऐका. ऑटोमॅटिक असेल तर थंड आणि गरम, दोन्ही अवस्थांत गिअर बदलताना लक्ष द्या.

टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या जवळ आली असेल तर चार नव्या टायरांचा खर्च किमतीतून वजा करा.

कागदपत्रांवरचा १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) गाडीवर जिथे जिथे कोरलेला आहे तिथे जुळवा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. दिसली तर नंबर खोटा आहे. बाकी कागद जाणत्या माणसाला दाखवा.

व्यवहार झाला की त्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर आणि ब्रेकचं तेल बदला, आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असलं तरी. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल आणि तो बदलल्याची पावती नसेल तर तोही लगेच बदला, कारण तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. मुलाची सीट मात्र गाडी घरी आली त्याच दिवशी बसवा आणि आयसोफिक्सचे दोन्ही हुक अडकल्याचा क्लिक ऐकूनच हात काढा.