सूर लागत नाही त्या मुलापासून सुरुवात करा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिला आठवडा पेटी, म्हणजे हार्मोनियम, उघडू नका. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं पाचवी ते दहावीला संगीत शिकवलं, आणि नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक संगीत शिक्षकाला मी आधी हेच सांगते. पेटी उघडली की वर्गाचं लक्ष पेटीकडे जातं, आपलं लक्ष बोटांकडे जातं, आणि समोरच्या पन्नास-साठ गळ्यांत काय आहे ते ऐकायचं राहूनच जातं.

त्याऐवजी मुलांना हाका मारायला लावा. आई पलीकडच्या बांधावर आहे, तिला जेवायला बोलवायचंय. "आऽऽई!" आधी एकेका रांगेने, मग एकेकट्याने. हाक मारताना मुलाचा आवाज आपोआप वर चढतो, मोकळा सुटतो. तेच मूल "गा" म्हटलं की हनुवटी छातीला लावून पुटपुटायला लागतं. मग हाक लांबवायला सांगा, खालून वर नेऊन परत खाली आणायला सांगा, जत्रेतल्या पाळण्यासारखी. वर्ग हसेल, हसू दे. त्या हसण्यात निम्म्या मुलांची भीड मोडते. तेवढ्या वेळात तुम्ही हजेरीच्या क्रमाने एका वहीत लिहून ठेवा, कुणाचा आवाज कुठे बसतो. ही वही वर्षभर लागणार आहे.

पेटी उघडाल तेव्हा पट्टी, म्हणजे सा जिथे धरायचा ती जागा, मुलांची धरा, स्वतःची नाही. आपल्या हातून ही चूक फार होते. खालच्या सप्तकातल्या काळी ४ किंवा काळी ५ मध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, गायची सवय असलेल्या बाई मुलांनाही तिथेच नेतात आणि सा च्या खालचे सूर आले की मुलांचा आवाज बुडतो. मधल्या सप्तकातली काळी १ शाळेच्या वयाला सोसते. राष्ट्रगीताचंच बघा. त्यात सगळ्यात खालचा सूर मंद्र निषाद, म्हणजे खालच्या सप्तकातला नी, आणि सगळ्यात वरचा तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा. म्हणजे जेमतेम एक सप्तक आणि आणखी एक सूर. काळी १ ला सुरुवात केली तर शेवटाकडचं वरचं "जय हे" सहज निघतं. पण मैदानावर जो मुलगा पुढे उभा असतो तो मनाला येईल तिथून उचलतो, आणि "जय हे" येईपर्यंत अर्धी शाळा गप्प झालेली असते. उपाय साधा आहे. परिपाठाला जाताना मोबाइलवर तानपुरा काळी १ ला लावा, पुढच्या मुलाच्या कानाशी धरा, त्याला तोंड मिटून सूर गुणगुणू द्या, मग सुरू करा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं आहे. आमच्याकडे ते ४३ सेकंदांत उरकत होतं. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून म्हणायला लागलो आणि महिन्याभरात ते जागेवर आलं.

पुरुष शिक्षकांची अडचण वेगळी. तुम्ही काळी १ चा सा लावता तो मुलांच्या सा च्या एक सप्तक खाली असतो. बहुतेक मुलं तो मनातल्या मनात वर उचलून घेतात, पण काही मुलं तुमच्या खर्जाची नक्कल करायला जातात आणि नुसती घुरघुरतात. अशा वेळी सूर स्वतः देऊ नका. वर्गातल्या स्थिर आवाजाच्या मुलीला द्यायला सांगा, किंवा पेटीवर मधल्या सप्तकात दाबून धरा.

आता ज्या मुलाचा सूर लागत नाही त्याच्याविषयी, कारण आपली खरी नोकरी त्याच्यासाठी आहे.

माझं दुसरं वर्ष होतं. समूहगीताची स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. पाचवीतला एक मुलगा सगळ्यांच्या खाली, एकाच सुरात, अगदी मन लावून गायचा. मी त्याला म्हटलं, "तू नुसते ओठ हलव." आमचा दुसरा नंबर आला. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याची आई शाळेत आली. व्हरांड्यात चपला काढून, पदर सावरून उभी राहिली. "बाई, घरात दिवसभर गुणगुणायचा. आता तोंडच उघडत न्हाई. म्हणतो, माझा आवाज वाईट हाय. यावर काय औषध आसंल तर सांगा." ती भांडायला आली नव्हती. खरोखर औषध विचारायला आली होती, आणि माझ्याकडे ते नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत अनेक मुलांबरोबर बसून जे सापडलं ते असं.

मुलाला मधल्या सुट्टीत एकट्याला बोलवा. पाचच मिनिटं, आणि वर्गासमोर कधीच नाही. त्याला स्वतःचं नाव सांगायला लावा आणि शेवटचा स्वर लांबवायला सांगा. तो जिथे थांबतो तो सूर पेटीवर शोधा. बहुतेक वेळा तो खालच्या सप्तकातल्या काळी ५ च्या आसपास असतो. आता तुम्ही त्याच्याकडे जा. तीच पट्टी दाबून धरा आणि त्याला तेच "आ" करू द्या. दोन सूर अगदी जवळ असले पण एक नसले, की त्यांच्यामध्ये एक थरथर ऐकू येते. जुळले की ती थांबते. त्याचा तळहात पेटीच्या लाकडावर ठेवा आणि विचारा, "आता थरथर आहे का? आता?" ज्या क्षणी ती थांबते त्या क्षणी मुलाचा चेहरा बघा. आपला आवाज बाहेरच्या कशाला तरी जाऊन मिळाला हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलेलं असतं.

मग एकच पट्टी वर. काळी ५ वरून पांढरी ७. दुसऱ्या दिवशी तिथून वरच्या पांढरी १ वर. मग काळी १. वर्गाच्या सा पर्यंत फक्त तीन पायऱ्या आहेत. कुणाला त्या चढायला आठ दिवस लागतात, कुणाला दिवाळी उजाडते. मध्येच घसरला तर "चुकलं" म्हणू नका, परत त्याच्या सुरावर या आणि तिथून हात धरून आणा. वर्गात त्याला शेवटच्या बाकावर ठेवू नका. दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये बसवा आणि एका कानामागे हाताचा पंजा वळवून धरायला सांगा, म्हणजे स्वतःचं ऐकू येतं. ३१ वर्षांत या पद्धतीने अजिबात हलली नाहीत अशी मुलं माझ्याकडे चार-पाचच निघाली. त्यांनी टाळ धरला, खंजिरी धरली, पण ओठ मात्र कुणी नुसते हलवले नाहीत.

आवाज फुटलेल्या मुलांनाही असंच जपावं लागतं. सातवीपर्यंत सुरेख गाणारा मुलगा आठवीच्या जूनमध्ये येतो आणि "सा" म्हणताना आवाज दोन ठिकाणी तुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. हे सगळं वर्गाला आधीच सांगून टाका, मिसरूड फुटण्याइतकं साधं करून सांगा. वर्गाने एकदा खिदळून घेतलं आणि आपण गप्प बसलो, तर तो मुलगा पुन्हा गाणार नाही हे नक्की समजा. या काळात त्याच्याकडे धड पाच-सहा सूरच असतात, म्हणून त्याला जोर लावून वर चढवू नका. खालच्या सप्तकात सा आणि प धरायला द्या. आठ-दहा मुलं मिळून खाली सा धरून उभी राहिली आणि वर बाकीचा वर्ग गायला लागला की खोलीचा आवाजच बदलतो, आणि त्या मुलांच्या लक्षात येतं की आपल्यावाचून हे झालं नसतं. मुलींचाही आवाज या वयात थोडा बदलतो, हवा जास्त येते, धाप लागते. ओळी छोट्या करा, श्वासाच्या जागा ठरवून द्या.

पहिला राग कोणता, असं नेहमी विचारतात. भूप. म आणि नी नाहीत, पाचच सूर, आणि त्यात पाऊल चुकायची जागा कमी. पण त्याच्याही आधी मुलींना घरून हादग्याची गाणी आणायला सांगा, मुलग्यांना देवळातल्या भजनाच्या चाली. ही गाणी चार-पाच सुरांत फिरतात, मुलांना पाठ असतात, आणि आजीचं गाणं बाईंनी फळ्यावर सरगम करून लिहिलं याचा त्यांना किती अभिमान वाटतो ते सांगून कळायचं नाही.

ताल फळ्यावर शिकवू नका, पायांत घाला. त्रितालासाठी मी मैदानावर चुन्याने गोल आखायची आणि १६ मुलं उभी करायची. प्रत्येकाच्या वाट्याला एक बोल. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिला, पाचवा आणि तेरावा टाळी देणार. नववा दोन्ही हात मागे लपवणार, ती "खाली", म्हणजे टाळीऐवजी रिकामी सोडलेली मात्रा. गोल फिरायला लागला की नवव्याकडे सगळ्यांचे डोळे लागतात, कारण तो काहीच करत नाही. खाली म्हणजे काय हे समजवायला मला याहून चांगली रीत सापडली नाही. जुळलं की सगळ्यांना एक घर पुढे सरकवा. दादरा आणि केरवा याच रीतीने दोन दिवसांत होतात.

तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच मुलं येऊन बसण्यात जातात. उरलेल्या वेळात पहिली पाच हाका आणि गुणगुणणं, मग पलटे, म्हणजे सुरांचे उलटसुलट क्रम, दहाच मिनिटं, बाकी सगळं गाणं. पलट्यांनी मुलं कंटाळली तर दोष मुलांचा नाही. आणि वर्ग शांत करायला ओरडू नका. एक ठेका टाळीने वाजवा, वर्गाने तोच परत द्यायचा. तिसऱ्यांदा सगळे तुमच्याबरोबर असतात. ओरडून मी चौथ्या वर्षी घसा बसवून घेतला होता आणि तीन आठवडे फळ्यावर लिहून शिकवलं होतं. बाटलीत कोमट पाणी ठेवा, आणि घसा धरला असेल त्या दिवशी चक्क तालाचा तास घ्या.

स्नेहसंमेलन जवळ आलं की दहा चांगले आवाज घ्या आणि बाकीचे सोडा, असा आग्रह होतो. तो मोडून काढा, पण वाद घालून नव्हे. मुख्याध्यापकांना नोव्हेंबरातच एका वर्गाचं पूर्ण गाणं ऐकवा, साठच्या साठ मुलांचं. नंतर बोलावं लागत नाही. कराओकेच्या तयार ट्रॅकपासून मात्र लांब राहा. त्याची पट्टी मोठ्यांची असते आणि लय मुलांसाठी थांबत नाही. पेटी, तबला आणि दोन टाळ पुरे आहेत. संगीताचा तास परीक्षेच्या तोंडावर गणिताला गेला तर एकदा द्या, दुसऱ्यांदा बदल्यात तास मागून घ्या, आणि तो वेळापत्रकावर लिहून घ्या.

पावसाळ्यात पेटी जमिनीवर ठेवू नका, पट्ट्या चिकटतात. रोज दहा मिनिटं भाता चालू राहिला पाहिजे, सुट्टीतही. तबल्याला ओल लागली तर उन्हात तापवत बसू नका, पुडी, म्हणजे वरचं कातडं, जाते. कापडात गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवा. जमलं तर वर्षातून एकदा मुलांना मिरजेला घेऊन जा. भोपळ्याचा तानपुरा होताना एकदा पाहिला की वर्गात मोबाइलवर तानपुरा लावला तरी मुलं जरा सरळ बसतात.

ती वही फेब्रुवारीत पुन्हा काढा. प्रत्येकाची हाक पुन्हा ऐका आणि जूनच्या खुणेशेजारी नवी खूण करा. मी निवृत्त झाले तेव्हा पेटीच्या किल्लीबरोबर अशा वह्यांचा गठ्ठा नव्या बाईंच्या हातात दिला. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "सहावी ब, हजेरी क्रमांक ३२. तुम्ही लिहिलंय, पांढरी ७ पर्यंत आला. पुढे काय करू?"

"तो शनिवारी विठ्ठलाच्या देवळात वडिलांबरोबर टाळ धरतो," मी म्हटलं. "एकदा तिथे जाऊन बसा. तो तिथे कोणत्या पट्टीत गातो ते ऐका, आणि सोमवारी पेटी तिथून सुरू करा."