ओटीटीचं बिल वाढतंय? एका संध्याकाळी असं आवरा

गेल्या वर्षी बँकेचं स्टेटमेंट चाळताना एका ॲपचे 299 रुपये दिसले. चकटफू आठवड्यासाठी घेतलं होतं, मालिका संपल्यावर फोनमधून काढूनही टाकलं होतं. पैसे मात्र सात महिने कटत होते. ॲप काढलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही, हे कळायला मला दोन हजारांवर मोजावे लागले.

म्हणून आधी शोधाशोध. यूपीआय ॲपमधलं 'ऑटोपे', म्हणजे आपोआप पैसे कटायला दिलेल्या मंजुऱ्यांची यादी, उघडा. मग प्ले स्टोअरमधलं 'सबस्क्रिप्शन्स' आणि बँकेच्या ॲपमधल्या कार्डावरच्या कायमच्या सूचना ('स्टँडिंग इन्स्ट्रक्शन्स') बघा. ऑटोपेच्या मंजुरीत 'कमाल रक्कम' नावाची ओळ असते. दरमहा 199 कटत असतील आणि मंजुरी हजारापर्यंतची असेल, तर दर वाढला तरी तुम्हाला पुन्हा पिन विचारला जाणार नाही. पैसे कटण्याच्या किमान 24 तास आधी कळवलंच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत हरवतो, ही गोष्ट वेगळी.

मोबाइल रिचार्ज आणि ब्रॉडबँडचा प्लॅनही वाचा. त्यात आधीच मिळत असलेल्या ओटीटीचे वेगळे पैसे भरणारी घरं मी पाहिली आहेत. आमचंही त्यातलंच.

आता हिशेब. ॲमेझॉन प्राइमचा भारतातला मासिक दर 2023 मध्ये 179 वरून 299 झाला, वार्षिक 1499 च राहिला. पाच महिन्यांचे होतात 1495. म्हणजे वर्षातून चारच महिने बघणार असाल तर मासिक परवडतं, सहा महिने बघणार असाल तर वार्षिक. 2025 पासून तिथे जाहिराती आल्या, त्या नको असतील तर आणखी पैसे. यूट्यूब प्रीमियमचा फॅमिली प्लॅन 2024 मध्ये 189 वरून थेट 299 वर गेला. घरात तो वापरणारे दोघंच असाल तर एकेकट्याच्या 149 च्या दोन वर्गण्यांनाही 298 च पडतात! दर नेहमी वरच जातात असंही नाही, 2021 च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने बेसिक प्लॅन 499 वरून 199 वर आणला होता. म्हणून जुना प्लॅन तसाच चालू ठेवण्याआधी आजचे दर बघून घ्या.

बंद करताना आधी त्या सेवेच्या खात्यात जाऊन 'कॅन्सल' करा, स्क्रीनशॉट घ्या आणि मगच ऑटोपे रद्द करा. उलट केलंत तर खातं थकबाकीच्या मेल पाठवत बसतं.

यानंतर एका वेळी एकच सेवा, आळीपाळीने. पैसे भरले की त्याच दिवशी कॅन्सल करून टाकायचं. बहुतेक ठिकाणी भरलेल्या मुदतीपर्यंत बघता येतं. मुदतीची तारीख आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असते, आई दुधाचे खाडे मांडते त्याच चौकटीत, पेन्सिलीने.