पान किती पिक्सेलचं घ्यायचं? माझा गोंधळ आणि नंतर बसलेला हिशोब

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या वेबसाईट बनवायच्या ऑफिसात दर उन्हाळ्यात इंटर्नशिपला दोन-चार पोरं येतात आणि पहिल्या आठवड्यात एक प्रश्न ठरलेला, सर पेज किती बाय किती घेऊ? फिग्मात, म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरात, काम सुरू करतानाच फ्रेमचा साईज निवडावा लागतो त्यामुळं त्यांचंही काय चुकत नाही. २००६ ला मी काम सुरू केलं तेव्हा मलाही हाच प्रश्न पडलेला, आणि उत्तर मी लई कॉन्फिडन्सनं चुकीचं काढलेलं.

झालं असं, चप्पल लाईनीतल्या एका दुकानाची साईट मिळाली, पैसे मिळणारं पहिलंच काम. घरी नवीन १७ इंची मॉनिटर, १०२४ बाय ७६८, मग मी पान सरळ १००० पिक्सेल फिक्स घेतलं, डावीकडं मेनू, मधी चपलांचे फोटो, उजवीकडच्या पट्टीत पत्ता आणि फोन नंबर, ठळक लाल अक्षरात. दुकानात दाखवायला गेलो तर मालक काकांचा काउंटरवरचा पीसी म्हणजे १५ इंची जुना डबा, टॅलीपुरता घेतलेला, ८०० बाय ६०० वर. काका दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "चांगलं केलंयस रं, पण फोन नंबर टाकायचा इसरलास की." नंबर होता हो, पण स्क्रीनच्या बाहेर, खालचा आडवा स्क्रोलबार ओढल्याशिवाय दिसणारच नाही असा. मी माउस घेऊन ओढून दाखवला तर म्हणाले, "गिऱ्हाईकाच्या घरी पण तूच जाणार काय ओढायला?"

त्या रात्री पान ७६० वर आणलं. ८०० का नाही, तर उभा स्क्रोलबार आणि विंडोच्या कडा जाऊन हातात ७८० च्या आसपासच उरायचे, म्हणून त्या काळात ७६० ते ७८० ची पद्धत होती. पुढं १०२४ वाले मॉनिटर सगळीकडं झाले तेव्हा ९६० आलं, कारण ९६० चे १२ कॉलम केले तर ८० चा एक, १६ केले तर ६० चा एक, भागाकार सुटसुटीत. म्हणजे हे आकडे कुणी हवेतून काढले नव्हते, स्क्रीनचं रिझोल्यूशन वेगळं आणि त्यातनं पानाच्या वाट्याला येणारी जागा वेगळी, एवढाच मुद्दा. आजही तेच आहे बघा, १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर टॅब, ॲड्रेस बार आणि खालचा टास्कबार जाऊन उंची ६००-६५० च्या घरात उरते, आणि तुम्ही ७०० उंचीचा बॅनर लावून बसता. १९२० पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवायची सेटिंग) १२५ टक्के असलं तर ब्राउझरच्या हिशोबात ते १५३६ च असतं. बऱ्याच लॅपटॉपवर ते तसंच असतं आणि कुणाच्या ध्यानात पण नसतं.

मोबाईलनं मात्र सगळ्यांचीच दांडी गुल केली. २००७ ला आयफोन आला, तो पान ९८० रुंद आहे असं धरून आख्खं पान बारीक करून दाखवायचा, चिमटीनं मोठं करून वाचा. मग लोकांनी मोबाईलची साईट वेगळी काढली, मी पण मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याला काढून दिली, आणि तिथं नवीनच घोळ, दर बदलले की तो मोठ्या साईटवर बदलायचा आणि मोबाईलवाल्या साईटवर जुनाच राहायचा, फोनवर भांडणं कुणाला ऐकावी लागली ते सांगायला नको. २०१० मध्ये ईथन मार्कोट या वेब डिझायनरनं रिस्पॉन्सिव्ह डिझाईनचा लेख लिहिला, एकच पान, जागा मिळेल तसं बसणारं. मला ते पचायला दोन वर्षं गेली.

पोरांची आजची चूक वेगळी असते. फोनच्या माहितीत १०८० बाय २४०० लिहिलेलं असतं म्हणून मोबाईलचं डिझाईन १०८० चं करतात. अरे ते काचेवरचे खरे ठिपके झाले, बऱ्याच फोनांवर ब्राउझर रुंदीतले तीन ठिपके मिळून एक पिक्सेल धरतो, म्हणजे रुंदी झाली ३६०. आणि हे सुद्धा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीनं दाखव असं ब्राउझरला सांगणारी कोडातली ओळ) टाकला तरच, तो विसरला की परत ९८० चं बारीक पान. सगळं बरोबर लिहून पण मोबाईलवर काहीच लागू होत नाही असं कुणी सांगितलं की मी आधी तो टॅगच बघतो.

मग किती घ्यायचं? मी आता डिव्हाईसची यादी घेऊन बसतच नाही. आधी ३२० वर पान बसवतो, मग ब्राउझरची विंडो कोपऱ्यात धरून हळूहळू मोठी करत जातो आणि जिथं पान विचित्र दिसायला लागेल तिथं ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलायची रुंदी, मग तो आकडा ७१० येऊ दे नाहीतर ८३५. वरची मर्यादा मॅक्स-विड्थनं (जास्तीत जास्त रुंदी), साधारण ११०० ते १३००, पण वाचायचा मजकूर ६५०-७०० च्या पुढं जाऊ देत नाही, ओळ लांबली की डोळा पुढच्या ओळीचं तोंड शोधत बसतो. मराठी असेल तर लाईन-हाईट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या १.७ पट तरी ठेवा, इंग्रजीच्या १.४ वर आपल्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. इमेजला मॅक्स-विड्थ १०० टक्के द्यायचं. रुंदीला १०० व्हीडब्ल्यू (विंडोच्या रुंदीचे १०० टक्के) देऊ नका, विंडोजवर त्यात स्क्रोलबारची जागा पण मोजली जाते आणि परत तोच आडवा स्क्रोल, ज्याच्यापायी मी काकांकडून ऐकून घेतलं.

काकांची साईट अजून माझ्याकडंच आहे. परवा नवीन रूप दाखवायला गेलो, तर आता डोळ्यांमुळं त्यांनी फोनचा डिस्प्ले साईज सगळ्यात मोठा करून ठेवलाय, म्हणजे ३६० पण नाहीत, ३२० च्या आसपास. वरच्या पट्टीत दुकानाचं नाव आणि नंबर एका ओळीत मावले नाहीत, नंबर खालच्या ओळीवर आला. काकांनी त्यावर बोट ठेवलं, फोन लागला, आणि गल्ल्याशेजारचा लँडलाईन वाजायला लागला.