रेणुवस्तुमान काढताना या चुका टाळा

मोरचुदाचं रेणुवस्तुमान, म्हणजे सूत्रातल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज, १४,३५५! हे उत्तर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वहीत सापडतंच. सूत्र तोंडपाठ असतं: सीयू एसओ फोर डॉट फाईव्ह एच टू ओ. कॉपर सल्फेटचे १५९.५ बरोबर, पाच पाण्यांचे ९० बरोबर. मग मधल्या टिंबाला गुणाकाराची खूण समजून दोन्ही आकडे गुणून टाकायचे. अरे, ते टिंब म्हणजे 'सोबत'. बेरीज करायची, २४९.५. इन्शुलिनसारखं प्रथिनसुद्धा ५,८०८ च्या आसपास थांबतं, मग एक साधा क्षार त्याच्या अडीचपट कसा भरेल, हा प्रश्न कुणालाच पडत नाही, कारण उत्तर कॅल्क्युलेटरने दिलेलं असतं.

टिंबाची दुसरी चूक जास्त वाईट: टिंबापुढचं पाणी सोडूनच देणं. यात मी मुलांना हसत नाही, कारण हे मी स्वतः केलंय.

शिकवायला लागलो ते पहिलंच वर्ष. बारावीचं प्रॅक्टिकल, ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशिअम परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणाला दुसरं नेमकं किती मिली लागतं ते मोजणं. ०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) ऑक्झॅलिकचं २५० मिली द्रावण मीच बनवलं होतं. वजनाचा हिशोब मनातल्या मनात केला: एच टू सी टू ओ फोर, म्हणजे २ अधिक २४ अधिक ६४, झाले ९०. त्या हिशोबाने १.१२५ ग्रॅम वजन केलं. परमँगनेट ०.०२ मोलर होतं, म्हणजे १० मिली ऑक्झॅलिकला १० मिलीच लागायला हवं. पहिल्या मुलीचं रीडिंग आलं ७.१. दुसऱ्याचं ७.१, तिसऱ्याचं ७.२. सगळ्यांचं जुळतंय आणि सगळ्यांचं चुकतंय! मी ब्युरेट धुवून घेतली, फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत नीट तापवलाय का ते पाहिलं, परमँगनेटच जास्त तीव्र झालंय म्हणून ते नव्याने करायला घेतलं. अर्धा तास गेला. शेवटी लॅबमधले मामा बाटली घेऊन आले आणि म्हणाले, "सर, यावर १२६ लिहिलंय, तुम्ही किती धरलं?"

बाटलीत ऑक्झॅलिक आम्ल दोन पाण्यांसकट होतं. ९० अधिक ३६, १२६. वजन हवं होतं १.५७५ ग्रॅम. आणि ९० भागिले १२६ केलं तर ०.७१४ येतं, म्हणजे दहाचे ७.१ झाले ते उगीच नव्हतं. चूक ब्युरेटमध्ये आकडा होऊन समोर उभी होती, मला वाचता आली नाही एवढंच. तेव्हापासून माझी सवय: बाटली डाव्या हातात धरल्याशिवाय पेन उचलत नाही. आधी लेबलवरचं सूत्र आणि आकडा वहीत उतरवायचा, मग स्वतः हिशोब करून ताडून पाहायचा. मोहर सॉल्टलाही (फेरस अमोनिअम सल्फेट) हेच. त्यातली सहा पाणी विसरलात तर ३९२ चे २८४ होतात.

आता कंस. 'एएल टू, एसओ फोर होल थ्राईस' हे म्हणताना सगळे 'होल' म्हणतात, करताना मात्र अर्ध्यालाच तीनने गुणतात. ऑक्सिजन बारा होतात, गंधक एकच राहतं, उत्तर २७८. खरं उत्तर ३४२. माझी पद्धत लहान मुलांसारखी आहे, पण चुकत नाही. आकडे मांडण्याआधी नुसती हजेरी घ्यायची: ॲल्युमिनिअम २, गंधक ३, ऑक्सिजन १२. वस्तुमानं त्यानंतर. 'सर, त्यात वेळ जातो' म्हणणाऱ्यांचा खरा वेळ खाडाखोडीत जातो, हे मी त्यांच्याच पेपरात दाखवतो.

क्लोरीनचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू, ३५ आणि ३७, म्हणून सरासरी ३६? बाजारात तीन किलो कांदे ३५ रुपयांनी आणि एक किलो ३७ रुपयांनी घेतले, तर सरासरी भाव ३६ पडतो का? १४२ भागिले ४, ३५.५. क्लोरीनमध्ये ३५ वाले आणि ३७ वाले साधारण तीनास एक आहेत, म्हणून ३५.५. आणि तो अर्धा 'सोयीसाठी' खाऊ नका. एका क्लोरीनला चालून गेलं असं वाटेल, पण कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये चार क्लोरीन आहेत, १५४ चे १५२ होतात.

बाकीच्या चुका किरकोळ, पण गुण तेवढेच खातात. अणुअंक आणि अणुवस्तुमान यांची अदलाबदल: ऑक्सिजनला ८ धरलं की पाणी १० चं होतं. 'टू एच टू ओ' मधला पुढचा दोन हा रेणूंची संख्या सांगतो, रेणुवस्तुमान १८ च राहतं, ३६ नाही. ऑक्सिजन वायू विचारला तर ३२, अणू विचारला तर १६. प्रश्न वाचा. कॅपिटल सी आणि स्मॉल ओ म्हणजे कोबाल्ट, जवळपास ५९. दोन्ही कॅपिटल म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, २८. अक्षर गिचमिड असेल तर तपासणाऱ्याने काय समजायचं? मिठाला आणि मोरचुदाला सुटे रेणू नसतात, म्हणून काटेकोर बोलायचं तर सूत्रवस्तुमान म्हणा, आकडेमोड तीच.

एककाचं भांडण दर परीक्षेला होतं. सापेक्ष वस्तुमान हे गुणोत्तर आहे. १९६१ पासून रसायनशास्त्रात कार्बन-१२ च्या एका अणूचा बारावा भाग माप म्हणून धरतात आणि त्याच्या किती पट ते सांगतात. पटीला एकक नसतं. पाणी १८, बस्स. पुढे ग्रॅम लिहायचे ते एका मोलचं वजन विचारलं असेल तेव्हाच.